सुराचा हेतू

आमच्या आप्तांत एक वृद्ध गृहस्थ होते. तरुणपणी त्यांनी एका हरिदासाच्या मागे उभे राहून झांज धरिली होती. पुढे पेटीवरही त्यांचा हात बरा चालू लागला. कान मात्र इतका तिखट की, घरातील लेकीसुना त्यांच्या देखत गुणगुणावयासही भीत. एके सायंकाळी शेजारच्या बिऱ्हाडातून एका हिंदी भजनाचे सूर येऊ लागले. म्हातारबुवा उठून खिडकीशी गेले, भजन संपेपर्यंत तेथेच उभे राहिले आणि म्हणाले, "गळा फारसा तयार नाही, पण मनुष्य खोटे गात नाही." त्यावर कोणीतरी सांगितले की, ही रचना अंधेरीच्या एका पाद्र्याची, आणि तोही जन्माने जर्मन. बुवा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, "मग हा सूर त्याने देवासाठी लावला, की आमच्यासाठी?"

त्या वेळी ह्या प्रश्नास कोणी उत्तर दिले नाही. प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. एखादी वस्तू आपणांस प्रिय आहे म्हणून हाती धरिली, आणि तिच्या द्वारे दुसराच एखादा हेतू साधावयाचा असला, तर त्या वस्तूवरचे प्रेम खरे म्हणावे काय? ज्यांच्यापासून ती वस्तू घेतली त्यांनी अशा प्रेमाचा स्वीकार करावा, की त्याविषयी सावध राहावे? बुवांच्या साध्या वाक्यात हे सारे होते.

ज्या पाद्र्याविषयी हे बोलणे झाले ते फादर जॉर्ज प्रॉक्श. त्यांचा जन्म १९०४ सालचा. सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड हा धर्मसंघ १८७५ साली हॉलंडातील स्टाइल ह्या गावी स्थापन झाला. त्या संघाचे धर्मोपदेशक म्हणून १९३२ साली ते हिंदुस्थानात आले. संघाच्या नावातच 'शब्द' आहे. त्या शब्दाच्या संघातला हा मनुष्य इकडे येऊन सुराकडे वळला, ही गोष्ट मौजेची खरी. मात्र आपल्याकडे शब्दब्रह्म आणि नादब्रह्म ह्यांची घरे एकमेकांस इतकी लागून आहेत की, एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात जाण्यास फार चालावे लागत नाही. ते हिंदी शिकले, आपल्या रागसंगीताचा अभ्यास त्यांनी केला, ख्रिस्ती आशयाची भजने रचून त्यांस भारतीय चाली बांधिल्या, आणि नृत्य व गायन ह्यांच्या योगाने बायबलातील कथा रंगभूमीवर आणिल्या. अंधेरीस त्यांनी ज्ञान आश्रम स्थापिला; लोक त्यांस गुरु ज्ञान प्रकाश ह्या नावाने ओळखू लागले. १९८६ साली ते निवर्तले. चरित्राची एवढी रूपरेषा आमच्या कामास पुरे आहे. आमचे लक्ष आहे ते, हा मनुष्य ज्या जागी उभा राहिला त्या जागेकडे.

जागा हा शब्द आम्ही अक्षरशः वापरीत आहो. अंधेरी स्टेशनाहून पूर्वेकडे महाकालीच्या लेण्यांकडे जो रस्ता जातो, त्याच रस्त्यावर हा आश्रम आहे. रस्त्याच्या शेवटी कोंडिविट्याच्या टेकडीत बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत. तेथे जे श्रामणेर राहत, त्यांच्या दहा शिक्षापदांपैकी सातवे असे की, नृत्य, गीत आणि वादन ह्यांपासून दूर राहावे. ज्याने संसार सोडला त्याने सूरही सोडावा, असा तो स्वच्छ हिशेब होता. तेथून जवळच, आज जेथे सीप्झची निर्यात-वसाहत आहे तिच्या आवारात, पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ साली बांधलेल्या संत योहानाच्या चर्चचे भग्नावशेष आहेत. साथीच्या रोगामुळे १८४० साली लोकांनी ती जागा सोडिली आणि उपासना मरोळकडे नेली. म्हणजे एकाच टापूत, एका बाजूस संगीताचा त्याग करणारे संन्यासी, दुसऱ्या बाजूस परदेशी भाषेत व परदेशी स्वरांत प्रार्थना करणारे मंदिर, आणि मध्ये तंबोरा लावून बसलेला हा जर्मन धर्मगुरू. आमच्या प्रश्नाची तिन्ही टोके पायी फिरून पाहता येतील इतकी जवळ आहेत.

त्यागी पुरुषाने गाण्यावर प्रेम करावे की नाही, ही शंका केवळ बौद्धांची नव्हे. ख्रिस्ती धर्माचार्यांत ऑगस्टीनइतका सूक्ष्म मनाचा पुरुष विरळा. मिलान येथील चर्चमधली स्तोत्रे ऐकून आपण अश्रू ढाळिले, हे त्याने स्वतःच आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. आणि त्याच ग्रंथात पुढे तो कबूल करितो की, गाइलेल्या अर्थापेक्षा गाणेच जेव्हा आपणांस अधिक हलविते, तेव्हा आपल्या हातून पाप घडते असे आपणांस वाटते. तथापि गाणे बंद करा असे म्हणावयास त्याची जीभ रेटली नाही. दोन्हीकडे ओढला जात तो तसाच राहिला. आम्हांस हा ऑगस्टीन, निःशंकपणे निर्णय देणाऱ्या अनेक आचार्यांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो. आपल्याकडेही, भजनात रंगलेल्या गवयास 'देव आठवला की तान आठवली?' असे विचारिले तर प्रामाणिक गवई क्षणभर थांबेलच.

परंतु प्रॉक्श ह्यांच्यापुढची अडचण ऑगस्टीनपेक्षा एका पायरीने अधिक होती. ऑगस्टीनास सूर फार आवडत ही भीती होती. पण ते सूर त्याच्याच चर्चचे होते. प्रॉक्श ह्यांनी उचललेले सूर ज्यांचे म्हणून समजले जात, त्यांच्या देवळांस त्यांच्या धर्माने शतकानुशतके परके मानिले होते. हे विधान आम्ही उगाच करीत नाही. गोव्यात इन्क्विझिशनने १७३६ साली जे निर्बंध जाहीर केले त्यांत, लग्नप्रसंगी ख्रिस्ती घरांत गाइल्या जाणाऱ्या ओव्यांवरही बंदी होती. त्यापूर्वी शंभरांहून अधिक वर्षे, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे ख्रिस्तपुराण राचोल येथे ओवी छंदातच छापून निघाले होते, आणि देवळांतून ते गाइले जात होते. एकाच धर्मसंस्थेने ओवी देवळात आणावी, आणि त्याच संस्थेने ती लग्नघरातून हाकलावी, ह्यातील विसंगती त्या काळी कोणास जाणवली असेल काय, कोण जाणे! प्रचारकास हवी तेव्हा ओवी हवी, आणि नको तेव्हा नको. वस्तूस केवळ साधन मानिले म्हणजे असेच व्हावयाचे. बुवांच्या मनातील संशयाच्या मागे, त्यांस ठाऊक असो वा नसो, हा सारा इतिहास उभा होता.

रोमच्या बाजूनेही वाट मोकळी नव्हती. पोप दहावे पायस ह्यांनी १९०३ च्या नोव्हेंबरात धर्मसंगीताविषयी जो आदेश काढिला, त्याने चर्चमध्ये पियानोस, आणि ढोल, झांजा, घंटा ह्यांसारख्या गडबड करणाऱ्या वाद्यांस मज्जाव केला. आमच्या बुवांची झांज तेथे दाराबाहेरच राहिली असती. परंतु त्याच आदेशाने एक गोष्ट केली, तिचा परिणाम आदेश काढणारांच्या कल्पनेतही नसेल. त्याने ग्रेगोरियन गायनास पुन्हा सर्वोच्च स्थान दिले आणि धर्मशाळांतून ते विद्यार्थ्यांस शिकवावे असे सांगितले. हे गायन म्हणजे एकच स्वरपंक्ती. तीत युरोपीय पद्धतीची स्वरांची रास नाही, अनेक आवाजांचे मिश्रण नाही; विशिष्ट स्वरसमूहांत, ठराविक स्वरावर येऊन विसावणारी एकटी सुरावट असते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या धर्मशाळांत वाढलेल्या कोणाही पाद्र्याचा कान ह्या एकाकी सुरावटीवर तयार होत असे. असा कान इकडे आल्यावर त्यास यमन वा भैरव अगदीच अनोळखी वाटला नसेल, असा आमचा तर्क आहे. ज्या आज्ञेने मृदंगास दार लाविले, तिनेच रागास एक खिडकी उघडी ठेविली.

पुढे काळ बदलला. बाराव्या पायसांच्या १९५५ च्या पत्रात मिशनांच्या प्रदेशांतील संगीताविषयी अनुकूल शब्द आले. १९६३ च्या डिसेंबरात व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयी जो ठराव केला त्यात, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान द्यावा असे स्पष्ट सांगितले. वर्षभराने, १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, मुंबईस आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली. पोप सहावे पॉल स्वतः आले. हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्या समारंभाच्या प्रसंगी प्रॉक्श ह्यांचे नृत्यनाट्य सादर झाले. ठराव झाल्यावर तबला-पेटी घेऊन पुढे येणे सोपे होते, आणि तसे पुष्कळ आलेही. परंतु त्यांचा अभ्यास ठरावाची वाट पाहत थांबला नव्हता, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या बाजूचा मोठा पुरावा वाटते. धोरण म्हणून जे केले जाते ते धोरणाच्या आधी सहसा सुरू होत नाही.

आता कोणी म्हणेल की, ह्यात एवढे खल करण्यासारखे काय आहे? अब्दुल करीम खाँ मुसलमान असून राम-कृष्णाची पदे गात; अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीने कोल्हापुरास वेड लाविले; त्यांस कोणी हेतू विचारिला नाही. मग पाद्र्यासच का विचारावा? हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, पण तो तसा नाही. खाँसाहेबांनी श्रोत्यांकडून दादेखेरीज काही मागितले नाही. पाद्री मात्र व्रतानेच प्रचारक. त्यास आपले गाणे ऐकणारा मनुष्य ख्रिस्ताकडे वळावा असे वाटत नसेल, तर तो आपल्या व्रताशी अप्रामाणिक ठरेल. म्हणून बुवांचा प्रश्न असभ्य नव्हता. तो विचारण्याचा त्यांस अधिकार होता, आणि प्रेमाने मिठी मारून तो दडपून टाकणारांशी आम्ही सहमत नाही.

येथे एक भेद करावा लागतो. हेतू असणे निराळे आणि हेतू लपविणे निराळे. सतराव्या शतकाच्या आरंभी रॉबेर्तो दि नोबिली मदुरेस संन्याशाच्या वेषाने राहिला. तेव्हापासून आजपर्यंत, तो वेष आदराचा होता की फसवणुकीचा, हा वाद मिटलेला नाही. प्रॉक्श ह्यांनीही संस्कृत नाव घेतले, आश्रम म्हटले. परंतु ते कोण आहेत व कोणाचे भजन करितात हे त्यांच्या प्रत्येक गीताच्या शब्दांतच उघडे होते. ज्याने आपल्या दारावर पाटी लाविली आहे, त्याने आत चांगले गाणे मांडिले तर त्यास आमंत्रण म्हणावे. सापळा म्हणता येणार नाही. जावयाचे की नाही, हे ऐकणाराने ठरवावे.

तरी एवढ्याने प्रेमाचा प्रश्न सुटत नाही. केवळ फसवणुकीचा सुटतो. प्रेमाची ओळख कशी पटावी? आम्हांस असे वाटते की, ह्याबाबत रागसंगीत स्वतःच साक्षीदार होते, आणि फार कठोर साक्षीदार. पोथी वाचून काही विषय हस्तगत होतात. हा होत नाही. पहाटे उठून षड्ज लावावा लागतो. आपला सूर लागला नाही हे, आपल्याहून वयाने लहान, कदाचित आपल्या धर्मगुरुपणाची काडीमात्र पर्वा नसलेल्या शिक्षकाकडून ऐकून घ्यावे लागते. रागास गाणाराचा हेतू कळत नाही. वर्ज्य स्वर पाद्र्यासही वर्ज्य आणि पंडितासही. मोठ्या वयात, परक्या भाषेत, आयुष्याची वर्षे ज्याने ह्या शिस्तीस दिली, त्याने संगीतास साधन केले असे म्हणताना जरा थांबावेसे वाटते. दुसऱ्यास वळवावयास निघालेला मनुष्य आधी स्वतः वळला. शिकविण्यास आला आणि विद्यार्थी होऊन बसला. जर्मनीत परत गेला असता तर हा मनुष्य पूर्वीच्या कानांनी आपल्याच चर्चमधला ऑर्गन ऐकू शकला असता काय? आम्हांस शंका आहे.

उलट बाजूने पाहावयाचे तर आमची पेटीच पाहा. ती युरोपातून आली. तिच्या ठोकळ स्वरांत श्रुती मावत नाहीत म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या दारात उभे केले नाही. पण तोवर ती आमच्या हरिदासांच्या, नाटकमंडळ्यांच्या, माजघरांच्या हाडीमांसी खिळली होती. गोविंदराव टेंबे पेटीवर बसले म्हणजे ती विलायती आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नसे. ज्यांनी पाद्र्यांकडून पेटी घेतली, त्यांनी पाद्र्याच्या हाती तंबोरा पाहून दचकावे, हे आम्हांस थोडे गमतीचे वाटते. आमचे बुवाही त्यातलेच.

परंतु प्रॉक्श ह्यांच्या कार्यात आम्हांस खरोखर बोचणारी एक गोष्ट आहे, आणि ती बहुधा त्यांच्या स्तुतिपाठकांच्या व निंदकांच्या, दोघांच्याही नजरेतून सुटते. आश्रमाच्या भोवतीच्या मरोळ, कोंडिविटे, अंधेरीच्या गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक कित्येक पिढ्या राहत आहेत. त्यांची घरची बोली मराठी. त्यांच्या लग्नांत बाया ओव्या म्हणतात, घुमट वाजते. इन्क्विझिशनने ज्या गोष्टीस गोव्यात बंदी केली, तीच गोष्ट साष्टीच्या ह्या गावांत टिकून राहिली होती. भारतीय ख्रिस्ती संगीत शोधावयास निघालेल्या मनुष्यास ते घराच्या दारात होते. तेथे आलेले संगीत मात्र हिंदी शब्दांचे, दरबारांतून आणि देवळांतून मान पावलेल्या रागांचे. 'भारतीय' म्हणून जे निवडले गेले ते भारताच्या वरच्या मजल्यावरचे होते. पुढे चर्चच्या वेदीपाशी तंबोरा आला, तबला आला. हलगी आली नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात ज्यांच्या वाडवडिलांनी गावकीची सक्ती म्हणून हलगी आणि सनई वाजविली असे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणास ती वाद्ये देवापुढे नको असतील, कारण त्या कातड्यात अपमान भरलेला आहे. कोणास तीच हवी असतील. ह्यांस विचारल्यावाचून 'आपले संगीत' कोणते हे ठरविणे, मग ते रोमने ठरविलेले असो, जर्मन साधूने की पुण्याच्या पंडिताने, आम्हांस पटत नाही.

ह्या ठिकाणी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण होते. त्यांनी तुकोबांस आपल्या वाटेवरचा पूल मानिले, आणि मराठी उपासनेस अभंग दिले. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, कृष्णराव सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. ह्या दोघांस अभंग आणि कीर्तन शोधीत जावे लागले नाही. ती त्यांच्या कानांत बालपणापासून होती. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी आपले सूर बदलले नाहीत, देवाचे नाव बदलले. प्रॉक्श ह्यांनी नाव तेच ठेविले आणि सूर बदलले. अधिक अवघड कोणते, हे आम्हांस सांगता येत नाही. टिळकांस स्वकीयांचा राग सोसावा लागला. प्रॉक्श ह्यांस दोन्हीकडचा संशय सोसावा लागला असला पाहिजे, कारण नृत्य आणि मृदंग म्हणजे मूर्तिपूजेची पूर्वतयारी असे मानणारे भाविक ख्रिस्ती मुंबईत काही थोडे नव्हते. त्यांच्याच संघातील फादर चार्ल्स वाझ पुढे हिंदुस्थानी गायक म्हणून ओळखले गेले, आणि फ्रान्सिस बार्बोझा ह्यांनी भरतनाट्यम शिकून ख्रिस्ती आशयासाठी नव्या हस्तमुद्रा योजिल्या. एवढ्यावरून पाहता, संशयाने ती वाट बंद पडली नाही.

राहता राहिला बुवांचा प्रश्न. देवासाठी, की आमच्यासाठी? आम्ही पुष्कळ विचार केला तेव्हा आमच्या ध्यानात आले की, अडचण त्या प्रश्नातील 'की' ह्या अक्षरात आहे. ज्या हरिदासामागे बुवा झांज धरून उभे राहत, तो तरी कोणासाठी गात असे? देवासाठी गात असे, समोरच्या मंडळीने मार्गास लागावे म्हणून गात असे, आणि कथा संपल्यावर बिदागीही मोजून घेत असे. ह्या तिन्ही गोष्टी एकाच पंचाच्या गाठीस बांधून तो घरी जाई, आणि त्याची भक्ती खोटी असे बुवा कधी म्हणाले नाहीत. हे आम्ही त्यांस बोलून दाखविले नाही. वडील माणसापुढे असला युक्तिवाद करण्याची आमच्या घरी रीत नव्हती.

काही दिवसांनी मात्र बुवांनीच शेजाऱ्यांकडे निरोप धाडिला की, ते भजन पुन्हा एकदा ऐकावयास मिळेल काय. अंतऱ्यातील एक जागा त्यांच्या ध्यानात नीट राहिली नव्हती.